बॅटरीपर्यंत पाणी पोहोचवायचं कसं?

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पेटली तर पाणी मारावं की नाही, यावर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास वाद रंगतो. शाळेतला सोडियमचा प्रयोग आठवून कुणीतरी लिहितं, लिथियमही त्याच घराण्यातलं, पाणी लागलं की भडकणार. उत्तर सरळ आहे. पाणीच मारायचं, भरपूर मारायचं आणि बराच वेळ मारायचं. गाड्यांतल्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियम धातूच्या पत्र्यासारखं सुटं नसतं. ते ऑक्साइड किंवा फॉस्फेटच्या संयुगात आणि ग्रॅफाइटच्या थरांत बसलेलं असतं. पेटतो तो मुख्यतः इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कार्बोनेट जातीचे ज्वालाग्राही द्रव आणि त्यात विरघळलेला लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हा क्षार. त्याच्या जोडीला सेलमधून सुटणारे वायू पेटतात. धातूच्या आगीसाठी मिळणारी डी-क्लास पावडर त्यामुळे इथे उपयोगाची नाही.

पाणी चालतं हे मान्य केलं, की पुढचा आणि खरा अवघड भाग सुरू होतो. हे पाणी जिथे लागायला हवं तिथे जातच नाही.

आत काय घडतं ते आधी पाहू. बॅटरीचा पॅक म्हणजे एका कवचात जोडून बसवलेल्या अनेक सेल. सेल कुठल्याही कारणाने तापली (आतला शॉर्ट, जास्त चार्जिंग, अपघातात चेपलेला पॅक, शेजारची आग), की साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर तुटायला लागतो आणि त्यातून आणखी उष्णता सुटते. १३० अंशांच्या आसपास दोन इलेक्ट्रोडमधला प्लास्टिकचा पातळ पडदा, म्हणजे सेपरेटर, वितळतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या सेलमध्ये २०० अंशांच्या पुढे कॅथोडमधून, म्हणजे धन इलेक्ट्रोडमधून, ऑक्सिजनही मोकळा होतो. आपोआप वाढत जाणाऱ्या या तापण्यालाच थर्मल रनअवे म्हणतात. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला लागते, तिची त्याच्या पुढच्या सेलला, आणि लवंगी फटाक्यांच्या माळेसारखा पॅक एकेक करत फुटत जातो. तीन युनिट, म्हणजे ३ किलोवॉट-तास क्षमतेच्या स्कूटरच्या पॅकमध्ये, गोल सेल असतील तर, अशा दीडशेहून अधिक सेल असतात.

हवा तोडून ही साखळी थांबत नाही, कारण ती हवेवर चाललेलीच नाही. पावडर मारली, कार्बन डायऑक्साइड मारला, वाळू टाकली, तर बाहेरची ज्वाळा बसते, पण आतल्या सेल तापतच राहतात. वाळूने तर उष्णता कोंडली जाते. मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा धूर आणि पुन्हा भडका. सहा किलोचा एबीसी, म्हणजे नेहमीचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, आणि तो मारणारा माणूस नेमका त्या दुसऱ्या भडक्याच्या वेळी गाडीजवळ उभा असतो. पावडर जरूर ठेवा, पण ती सीटचा फोम, प्लास्टिक, शेजारची पेट्रोलची गाडी किंवा बाहेर पडायची वाट यांच्यासाठी.

साखळी तुटते ती फक्त शेजारच्या सेल गार केल्याने. इथे एक हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. चाळीस युनिटची, म्हणजे ४० किलोवॉट-तासांची कारची बॅटरी पूर्ण चार्ज असेल, तर तिच्यात १४४ मेगाज्यूल वीज साठलेली असते. ३० अंशांचं एक लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ होताना ते साधारण अडीच मेगाज्यूल उष्णता ओढून घेतं. भागाकार केला तर साठलेल्या विजेपुरतं सत्तावन्न-अठ्ठावन्न लिटर पाणी पुरतं. इलेक्ट्रोलाइट, प्लास्टिक आणि वायू जळून मिळणारी उष्णता याच्या काही पट असते. सगळी मिळून ती अगदी पाचपट धरली तरी तीनशे लिटरच्या आत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात एका अमेरिकन कंपनीची अग्निशमन पुस्तिका आपल्या इलेक्ट्रिक गाडीसाठी ३,००० गॅलन पाणी धरायला सांगते. ते होतं ११,००० लिटरच्या वर, आणि काही मॉडेलसाठी त्याहून कितीतरी जास्त. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर एका कारला पुरला तर नशीब म्हणायचं.

तीनशे आणि अकरा हजार यांच्यामधलं जवळजवळ सगळं पाणी वाहून जातं. कारण उघड आहे. पॅक गाडीच्या पोटाखाली आडवा बसवलेला असतो, वर सीट आणि पत्रा, खाली ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं कवच. पावसात आणि साचलेल्या पाण्यात आत थेंब जाऊ नये म्हणून पॅक सीलबंद असतो. बहुतेकांवर आयपी-६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी शिरत नाही. रोजच्या वापरात हा गुण प्रवाशाला वाचवतो, आणि आगीच्या वेळी हाच गुण जवानाचं पाणी बाहेर अडवतो. बॉनेटवर किंवा काचांवर मारलेला फवारा पॅकला जवळजवळ लागतच नाही.

म्हणून जगभर चाललेली धडपड पाण्याला वाट काढून देण्याची आहे. मला यातला सगळ्यात शहाणपणाचा उपाय रेनॉ कंपनीचा वाटतो. पॅकच्या कवचात एक भोक मुद्दाम ठेवायचं आणि त्यावर चिकटवलेली चकती बसवायची. होजचा जोरदार झोत बसला की चकती निघते आणि पाणी थेट सेलवर पडतं. कंपनीच्या सांगण्यानुसार तासांचं काम मिनिटांवर येतं आणि पाणी दहा पटीने कमी लागतं. २०२५ मध्ये त्यांनी हे पेटंट बाकीच्या उत्पादकांना विनामूल्य खुलं केलं. पुण्याच्या परिसरात एवढ्या गाड्या बनतात, तर इथल्या कुठल्यातरी कारखान्याने ते उचलावं असं मनापासून वाटतं.

दुसरा मार्ग म्हणजे गाडीखाली सरकवून पॅकच्या तळाला भोक पाडणारा नोझल. आत शिरला की मिनिटाला तीसेक लिटर पाणीही पुरतं, वरच्या हिशोबाशी हे जुळतं. पण त्याला प्रशिक्षण लागतं आणि कुठल्या गाडीत पॅक नेमका कुठे आहे याची माहिती लागते. हातात पहार घेऊन कुणी हा प्रयोग करू नये, चुकीच्या जागी टोचलं तर चांगल्या सेलमध्ये नवा शॉर्ट होतो. तिसरा मार्ग गाडीखाली ठेवायच्या चपट्या फवाऱ्याचा. तो फक्त तळाचं कवच गार करतो, पण माणसाला वाकून जवळ जावं लागत नाही.

फायर ब्लँकेटबद्दल थोडं सावध बोलायला हवं, कारण ती विकायला येणारे खूप आहेत. सहा बाय आठ मीटरची चांगली चादर ज्वाळा दाबते आणि शेजारच्या गाड्या वाचवते, हे खरं. पण खाली रनअवे चालूच असतो. हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, इथिलीन असे वायू चादरीखाली साठतात आणि कुणी उत्सुकतेने कडा उचलली की हवा मिळून भडका उडतो. एकदा टाकलेली चादर अग्निशमन दलाशिवाय कुणी उचलायची नाही. आणि ती टाकायला दोन माणसांना पेटत्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालत जावं लागतं, हे विक्रेता सांगत नाही.

आता दुचाकी, कारण पुण्यात आधी तिचाच विचार करायला हवा. २६ मार्च २०२२ ला लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आधी धूर आणि मग बघता बघता सगळी गाडी ज्वाळांत, असा क्रम त्यात दिसतो. त्याच सुमारास वेल्लोरमध्ये घरी चार्जिंगला लावलेल्या दुचाकीच्या आगीत वडील आणि मुलगी धुराने गुदमरून गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला खाली इलेक्ट्रिक स्कूटरची शोरूम आणि वर हॉटेल अशा इमारतीत आठ जण दगावले, तेही मुख्यतः जिन्यातून वर चढलेल्या धुराने. पेठांतल्या वाड्यात लाकडी जिन्याखाली किंवा सोसायटीत लिफ्टच्या दाराशी स्कूटर चार्जिंगला लावणं म्हणूनच सगळ्यात वाईट. आग विझवता आली नाही तरी चालेल, पण बाहेर पडायची वाट मोकळी राहिली पाहिजे.

सीटखालून पांढुरका धूर, फसफस आवाज, फटफट फुटल्यासारखे बारीक धक्के किंवा थिनरसारखा गोडसर वास आला, तर मिनिटभरही थांबू नका. प्लगला हात लावायचा नाही, त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मीटरबोर्डावरचा स्विच, लांबूनच पाडायचा. पॅक काढता येण्यासारखा असला तरी धूर सुरू झाल्यावर तो उचलायचा नाही. गोल सेल गोळीसारख्या उडतात आणि काही मीटरवर जाऊन पडलेल्या जागी दुसरी आग लावतात. पंधरा मीटर तरी मागे व्हा आणि १०१ ला फोन करा. फोनवर तीन गोष्टी स्पष्ट सांगा: गाडी इलेक्ट्रिक आहे, उघड्यावर आहे की तळमजल्याच्या किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये आहे, आणि वर माणसं अडकली आहेत का. हिरवी नंबर प्लेट पाहून जवान गाडी ओळखतात, पण प्लेट जळून गेली तर तुमचं सांगणंच उपयोगी पडतं.

धूर अजून पसरलेला नसेल आणि वाट मोकळी असेल, तर शेजारच्या गाड्या बाजूला ओढा, त्यातही पेट्रोलवरच्या सगळ्यात पहिल्यांदा. होज-रील वापरता येणाऱ्याने वारा पाठीमागून येईल अशा बाजूने, आठ-दहा मीटरवरून, पसरट फवाऱ्याने पाणी मारावं. पहिल्यांदा शेजारच्या गाड्यांवर, मग पॅकवर. होज-रीलमधून मिनिटाला साधारण वीस-तीस लिटर पाणी येतं. स्कूटरच्या तीन युनिटच्या पॅकला ते उपयोगी पडतं, कारला नाही. शॉकची भीती पॅकपेक्षा चार्जरच्या २३० व्होल्टची जास्त धरा. स्कूटरचा पॅक ४८ ते ७२ व्होल्टचा असतो. एमसीबी पडलेला आहे याची खात्री नसेल, तर साचलेल्या पाण्यात उभं राहू नका. तोंडाला ओला रुमाल बांधून धुरात शिरणं हा निव्वळ भ्रम आहे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइड असतो, आणि रुमालाने दोन्हींपासून बचाव होत नाही.

ज्वाळा बसल्यावर जवान सहसा लांब हुकाने पॅक ओढून बाहेर काढतात. त्यासाठी सोसायटीत दोनशे लिटरचं एक लोखंडी पिंप उघड्यावर भरून ठेवलं तर खूप मदत होते. पॅक त्यात पूर्ण बुडला पाहिजे, पिंपावर झाकण नको (हायड्रोजन सुटत राहतो) आणि मीठ तर अजिबात घालायचं नाही. खाऱ्या पाण्यात विद्युत-विघटन वेगाने होतं आणि क्लोरीनही सुटू शकतो. एक-दोन दिवस पॅक तसाच राहू द्यावा.

बेसमेंटमधली कार ही सगळ्यात कठीण परिस्थिती. बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं, पण बंब रॅम्पवरून खाली उतरत नाही. बीमखाली उंची दोन-सव्वादोन मीटर, धूर छताला लागून खाली येतो, आणि जवानाच्या पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरला अर्धा-पाऊण तासाची मर्यादा. काम मात्र तासन्‌तास चालतं. टोळ्या आळीपाळीने आत पाठवाव्या लागतात. गाडी बाहेर ओढावी म्हटलं तर इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक अडकलेला असतो, चाकं फिरत नाहीत. चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या किंवा रॅम्पवरून विंच लागते. दक्षिण कोरियात इंचॉनला १ ऑगस्ट २०२४ ला अपार्टमेंटच्या भुयारी पार्किंगमध्ये एक इलेक्ट्रिक कार पेटली, ती आटोक्यात यायला आठ तास लागले आणि चाळीसच्या आसपास गाड्या पूर्ण जळाल्या. स्प्रिंकलर बसवलेले होते. पण अलार्म वाजल्यावर कर्मचाऱ्याने व्हॉल्व्ह बंद केला होता.

त्या व्हॉल्व्हच्या गोष्टीवर माझा जीव अडकतो, कारण आपल्याकडचं चित्रही तसंच आहे. सोसायट्या ‘लिथियम स्पेशल’ सिलिंडरवर पैसे घालतात आणि हायड्रंटकडे, म्हणजे इमारतीतल्या आगीसाठीच्या पाण्याच्या नळांकडे, कुणी बघत नाही. पंप रूममध्ये जाऊन पॅनेलचा सिलेक्टर स्विच बघा. तो ‘ऑटो’वर असायला हवा. कुठेतरी गळती असली की पाइपमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो, त्या कटकटीला कंटाळून कुणीतरी तो ‘मॅन्युअल’ किंवा ‘ऑफ’ करतं, आणि मग व्हॉल्व्ह उघडल्यावर मेन पंप सुरूच होत नाही. होज बॉक्स उघडून बघा. पितळी नोझल चोरीला गेलेले असतात, होजच्या घडीवर चिरा पडलेल्या असतात. सगळ्यात लांबच्या लँडिंग व्हॉल्व्हवर (मजल्यावरचा होज जोडायचा नळ) गेज लावून पंप चालू असताना साडेतीन बार दाब मिळतो का ते पाहा. भूमिगत फायर टाकीतलं पाणी टंचाईच्या दिवसांत वापराच्या टाकीकडे वळवू नका. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीने जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. तो कागद घेताना सेक्रेटरीने पंप स्वतःच्या डोळ्यांसमोर चालवून घ्यावा.

नवे चार्जिंग पॉइंट टाकताना जागा आधी ठरवा, वायर नंतर. बेसमेंटच्या कोपऱ्यापेक्षा रॅम्पच्या तोंडाशी, शक्यतो उघड्या बाजूच्या भिंतीला. जिना, लिफ्ट लॉबी, मीटर रूम, जनरेटर आणि गॅसच्या पाइपपासून लांब. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि सगळ्या पॉइंट्सची वीज एकदम तोडणारा एक मुख्य आयसोलेटर वॉचमनच्या केबिनजवळ. आग पार्किंगमध्ये असताना पार्किंगमधला स्विच कोण पाडणार? स्मोक एक्झॉस्ट फॅन कुठून सुरू होतो, हे रात्रपाळीच्या वॉचमनलाही माहीत हवं.

एलएफपी बॅटरी जळत नाही, असं विक्रेते सांगतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची सेल जास्त तापमान सोसते आणि तिच्यातून ऑक्सिजन फारसा सुटत नाही, त्यामुळे ती पेटणं अवघड, एवढं बरोबर. पण ती रनअवेत गेलीच तर वायू सोडते आणि त्यात हायड्रोजनचं प्रमाण मोठं असतं. उघड्यावर हे वायू उडून जातात. बंद खोलीत पेट न घेता साठत गेले तर ज्वाळेपेक्षा स्फोटाचा धोका मोठा. पॅक दुरुस्त करणारी गाळ्यांतली दुकानं आणि बॅटरी बदलून देणारी केंद्रं यांनी हे लक्षात ठेवावं. धुराने भरलेल्या खोलीचं शटर झटकन वर करायचं नाही आणि आतला दिवा लावायचा नाही.

नियम सुधारले आहेत. २०२२ च्या आगींनंतर दुचाकी-तीनचाकींसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात दुरुस्ती झाली, ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. एक सेल मुद्दाम बिघडवली तरी आग पॅकबाहेर येता कामा नये, अशी चाचणी त्यात आहे, आणि वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांत अशा चाचण्या होतात. त्याआधीच्या गाड्या आणि गल्लीत जोडून मिळणारे स्वस्त पॅक यांना ही कसोटी लागलेली नाही. अशी गाडी असेल तर रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका.

पुरात बुडालेल्या गाड्यांचंही सांगायला हवं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं, पार्किंग भरली. आयपी-६७ चा अर्थ एक मीटर आणि अर्धा तास एवढाच आहे. गाळाच्या पाण्यात तासन्‌तास राहिलेला पॅक वरून कोरडा दिसला तरी आत ओल असू शकते, आणि ती शॉर्ट करायला काही दिवसही घेते. अशी गाडी सुरू करून बघायची नाही आणि चार्जिंगला तर लावायचीच नाही. ढकलून उघड्यावर आणायची आणि सर्व्हिस सेंटरला कळवायचं.

आग विझल्यावरही काम उरतंच. पॅकच्या काही सेल न जळता चार्ज अवस्थेत राहतात. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये अपघातात जळालेल्या एका इलेक्ट्रिक कारची बॅटरी टोइंग यार्डात पाच दिवसांनी पुन्हा पेटली होती. म्हणून विझल्यावर किमान तासभर थर्मल कॅमेऱ्याने पॅकवर लक्ष ठेवतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर कॅमेरा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो, हे विसरायचं नाही. आकडा स्थिर आहे की वर चढतोय, ते पाहायचं. गाडी नेताना चारही चाकं वर असलेलाच फ्लॅटबेड मागवा. पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन मागची चाकं फिरवते, आणि मोटर मागच्या चाकांना असेल तर ती वीज तयार करू लागते. यार्डात दुसऱ्या गाडीपासून, शेडपासून आणि भिंतीपासून पंधरा मीटर अंतर सोडून, उघड्यावर ठेवा.

पंचनामा आणि विमा सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत पॅक कुणालाही उघडू देऊ नका. त्यानंतर तो भंगारवाल्याला द्यायचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार अशा पॅकची जबाबदारी उत्पादकावर येते, त्यामुळे कंपनीला लेखी कळवून नोंदणीकृत रिसायकलरकडेच तो जाऊ द्या. पार्किंगमध्ये साचलेलं काळं पाणी हाताने उपसू नका. रबरी हातमोजे आणि गमबूट घालूनच सफाई करायला सांगा, आणि ते पाणी बोअरवेलच्या पुनर्भरण खड्ड्याकडे जाणार नाही एवढं आधी पाहून घ्या.